शेजारच्या ताटातलं द्राक्ष

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसात एकच प्रश्न फिरतो... 'त्याला किती मिळाले?' आपला आकडा चांगला असूनही झोप उडते ती दुसऱ्याच्या आकड्याने. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी येशूने द्राक्षमळ्याची एक गोष्ट सांगून नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं.

एक छोटीशी टेस्ट घ्या. तुमच्या हातात इन्क्रिमेंटचं लेटर आहे. १२ टक्के! मनातल्या मनात हिशोब सुरू... ईएमआय, आईबाबांची ट्रिप, नवा फोन. चेहऱ्यावर मस्त स्माइल. मग कॅन्टीनमध्ये कळतं, की तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनिअर असलेल्या, शेजारच्याच डेस्कवरच्या मुलाला १६ टक्के मिळालेत. आता सांगा, तुमच्या खात्यात येणाऱ्या पैशांतून एक रुपया तरी कमी झाला का? नाही ना? मग हातातला चहा एकदम कडू का लागतो?

मी फ्रीलान्सर. मला ना बॉस, ना अप्रेझल. पण आमच्या मास कॉमच्या बॅचचा ग्रुप उघडला की तिथेही तेच. कोणी चॅनलवर अँकर झालंय, कोणी लंडनला शिकायला गेलंय, कोणाचं पुस्तक येतंय. खाली अभिनंदनाची रांग, टाळ्यांचे इमोजी, फुलांचे गुच्छ... आणि पाच मिनिटांनी खासगीत मेसेज, 'हिला कसं काय मिळालं गं?'

मराठीत या भावनेसाठी शब्दांची नुसती चंगळ आहे. पोटात दुखणं, डोळ्यात खुपणं, जळफळाट होणं. 'तो माझ्यावर जळतो' हे वाक्य आपण दिवसातून दोनदा ऐकतो. 'मी जळतोय' हे वाक्य शेवटचं कधी ऐकलंत? राग आला तर आपण सांगतो. डिप्रेशनबद्दलही आता बऱ्यापैकी मोकळं बोलतो. मत्सर मात्र अजून कपाटाच्या आतल्या कप्प्यात. कारण तो कबूल करायचा म्हणजे 'मी तुझ्यापेक्षा कमी पडलो' हेही कबूल करावं लागतं!

म्हणून मग तो वेष बदलून येतो. त्याचा सगळ्यात आवडता वेष म्हणजे हक्क. 'मी एवढ्या नाइट मारल्या, मला मिळायलाच हवं होतं.' ऐकायला किती रास्त वाटतं, नाही?

माकडालाही कळतं, बॉस!

२००३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या दोन संशोधकांचा एक भन्नाट प्रयोग छापून आला. कॅपुचिन जातीच्या माकडिणींना त्यांनी एक साधं काम शिकवलं. हातातला खडा परत द्यायचा आणि बदल्यात काकडीचा तुकडा घ्यायचा. माकडिणी खूश. मग दोघींना शेजारीशेजारी बसवलं आणि एकीला त्याच कामासाठी द्राक्ष द्यायला सुरुवात केली. दुसरीने हे पाहिलं मात्र... काकडी नाकारायला लागली. काही वेळा तर चक्क बाहेर फेकून दिली! शेजारणीला काहीही काम न करता द्राक्ष मिळतंय हे दिसल्यावर तर नकार आणखी वाढला.

मिनिटापूर्वी हीच काकडी छान लागत होती. काकडी बदलली नव्हती. शेजारचं ताट दिसलं होतं, एवढंच.

माणसांचं काय? अमेरिकेत २००८ मध्ये एका वृत्तपत्राने कॅलिफोर्नियातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार वेबसाइटवर टाकले. काही अर्थतज्ज्ञांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही कर्मचाऱ्यांना ही साइट मुद्दाम कळवली आणि नंतर सगळ्यांना विचारलं, नोकरीत खूश आहात का? २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. साइट कळलेल्यांपैकी ज्यांचा पगार आपल्या बरोबरीच्यांच्या मधल्या आकड्याहून कमी होता, त्यांचं समाधान घटलं आणि ते दुसरी नोकरी शोधायच्या विचारात पडले. ज्यांचा पगार जास्त होता, ते जास्त खूश झाले असतील? अजिबात नाही. त्यांना काही फरकच पडला नाही. थोडक्यात, तुलनेच्या या धंद्यात नफा कोणालाच नाही, तोटा मात्र पक्का.

आता माकडं, मग पगार... यात देव कुठून आला? त्यासाठी माझ्या एका मित्राची गोष्ट सांगावी लागेल.

'शोधतो' म्हणजे काय?

नाव छापू नकोस, असं त्याने बजावलंय. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावचा, केळीच्या वाडीत वाढलेला मुलगा. घरात कादोडी बोली, चर्चमध्ये मराठी मिस्सा. नोकरी मात्र पुण्यात, हिंजवडीला. त्याच्या टीममध्ये नागपूरचा एक फ्रेशर आला. याने त्याला काम शिकवलं, क्लायंटशी कसं बोलायचं ते शिकवलं, वाकडच्या आपल्या फ्लॅटमध्ये खोली दिली. पोरगा याला 'दादा' म्हणायचा.

२०२३ च्या पावसाळ्यात जर्मनीतल्या क्लायंटकडे ऑनसाइटची एक जागा निघाली. तीन वर्षं हा ज्या संधीकडे डोळे लावून बसला होता, तीच. क्लायंटने नाव घेतलं ज्युनिअरचं. पोरगा पेढे घेऊन आला. हा म्हणाला, 'काँग्रॅट्स यार!' पेढा खाल्लाही. एअरपोर्टवरून त्याचा फोन आला, तो याने उचलला नाही.

मग खरी गंमत. सप्टेंबरात जर्मनीहून मेसेज आला. जुन्या सिस्टिमच्या नोट्सची फाइल याच्याकडे होती, स्वतः तीन वर्षं जमवलेली. ज्युनिअरने विचारलं, 'दादा, ती फाइल पाठवशील का? सोमवारी डेमो आहे.' याने उत्तर दिलं, 'शोधतो.'

'फाइल डेस्कटॉपवर होती,' मित्र मला सांगत होता. 'दोन क्लिकचं काम. पण हात जाईना. वाटायचं, बघू आता याचं माझ्यावाचून कसं भागतं ते.'

ऑफिसात काम केलेल्या कोणालाही हा 'शोधतो' ओळखू येईल. आपल्याकडे मत्सर क्वचितच भांडण करतो. तो मेलला उशिरा उत्तर देतो, मीटिंगमध्ये गप्प बसतो आणि कोणाच्या तरी कौतुकात शेवटी एक 'पण' घालतो.

त्या वीकेंडला मित्र वसईला घरी होता. रविवार, २४ सप्टेंबर. कॅथलिक चर्चमध्ये कोणत्या रविवारी बायबलमधला कोणता उतारा वाचायचा हे तीन वर्षांच्या चक्रात ठरलेलं असतं. त्या रविवारी जगभरातल्या कॅथलिक चर्चमध्ये वाचली गेली ती मत्तयाच्या शुभवर्तमानातली द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट.

पाच वाजताचे मजूर

गोष्ट अशी. एक मळेवाला पहाटेच बाजारात जातो, मजूर गोळा करतो. रोज ठरतो एक दिनार. त्या काळी मजुराची दिवसाची साधारण कमाई तेवढीच असायची. मग नऊ वाजता तो पुन्हा जातो, आणखी काही जणांना कामाला लावतो. बाराला जातो, तीनला जातो. संध्याकाळी पाचला गेला तरी काही जण उभेच. तो विचारतो, इथे रिकामे का? ते सांगतात, आम्हाला कोणी नेलंच नाही. तो म्हणतो, चला, तुम्हीही या.

चित्र ओळखीचं वाटतंय ना? आपल्या शहरातला मजूर नाका डोळ्यांपुढे आणा. सकाळी सातला थापी, घमेलं, ब्रश घेऊन उभी असलेली माणसं. मुकादम आधी कोणाला उचलतो? तरण्याबांड पोरांना. अकरा वाजता नाक्यावर कोण उरतं? म्हातारा, कृश, लहान मूल कडेवर असलेली बाई. तेव्हा पाच वाजेपर्यंत ताटकळलेली ती माणसं आळशी होती, असं गोष्टीत कुठेच म्हटलेलं नाही. त्यांना कोणी निवडलं नव्हतं.

दिवस संपतो, हिशोब होतो. मालक मुद्दाम शेवटी आलेल्यांना आधी पैसे द्यायला सांगतो. तासभर काम केलेल्यांच्या हातावर अख्खा दिनार! पहाटेपासून राबलेल्यांच्या मनात लगेच लाडू फुटतात... यांना एवढं, तर आपल्याला किती? त्यांच्याही हातावर एकच दिनार पडतो. झालं, कुरकुर सुरू. आम्ही दिवसभर उन्हात मेलो आणि यांना आमच्या पंगतीत बसवलं! मालक शांतपणे सांगतो, मित्रा, जे ठरलं ते तुला मिळालं. माझ्याच पैशातून मी याला दिलं, तर तुला त्रास कसला?

'फादर प्रवचनात काय बोलले, ते मला फारसं आठवत नाही,' मित्र म्हणाला. 'गोष्ट ऐकतानाच डोकं फिरलं होतं. म्हटलं, मालक चुकलाच! असा मॅनेजर असेल तर कोण काम करेल?'

घरी येताना तो आईसमोर हेच बडबडला. त्याच्या आईने आयुष्यभर वाडीत मजूर लावलेत, स्वतःही त्यांच्याबरोबर राबलीय. तिने आपल्या बोलीत एवढंच म्हटलं, 'पाचला आलेल्याच्या घरीपण जेवायला पाच माणसं असतात ना रे.'

मित्र त्यावर काही बोलला नाही. गोष्ट ऐकताना तो आपोआप पहाटेच्या मजुरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. आईचा डोळा गेला तो थेट पाचवाल्याच्या चुलीकडे. एक दिनार म्हणजे घरातल्यांचं एका दिवसाचं पोट. तासाच्या हिशोबाने दिलं असतं, तर त्या रात्री कोणीतरी उपाशी झोपलं असतं.

प्रॉब्लेम डोळ्याचा आहे

या गोष्टीच्या शेवटी मूळ ग्रीक भाषेत एक मजेदार शब्दप्रयोग आहे, 'ऑफ्थॅल्मॉस पोनेरॉस'. शब्दशः अर्थ, वाईट डोळा. मी चांगला वागलो म्हणून तुझा डोळा वाईट झाला का, असा मालकाचा सवाल आहे. म्हणजे आपली 'वाईट नजर'च की! आपण बाळाची दृष्ट काढतो, मीठमोहरी ओवाळतो, ती दुसऱ्याच्या नजरेचा त्रास आपल्या बाळाला होऊ नये म्हणून. येशूचा रोख मात्र उलटा आहे. दुसऱ्याच्या नजरेची काळजी सोड, तुझ्या स्वतःच्या डोळ्याला काय झालंय ते बघ.

लॅटिनमध्ये मत्सराला 'इन्व्हिडिया' म्हणतात, तोही पाहणे या क्रियापदावरूनच आलेला शब्द. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिला याने मोठ्या पापांची जी यादी केली, तिच्यात मत्सराला जागा दिली. पुढे इटालियन कवी दान्तेने 'डिव्हाइन कॉमेडी'त मत्सरी लोकांना विलक्षण शिक्षा दिली. त्यांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या आहेत! दुसऱ्याचं भलं बघवत नव्हतं ना, मग आता बघूच नका. पण त्याच चित्रात आणखी एक बारकावा आहे. हे आंधळे झालेले लोक एकमेकांच्या खांद्याला टेकून बसलेत. जिवंतपणी ज्याला पाण्यात पाहिलं, त्याच्याच खांद्याचा आता आधार.

देवाकडे बेल कर्व्ह नाही!

बरं, डोळा बिघडलाय हे कळलं. बरा कसा करायचा? 'पॉझिटिव्ह विचार करा' हा सल्ला तर रोज सकाळी मोबाइलवर येतोच. मित्राला विचारलं, तुझ्या श्रद्धेने यात वेगळं काय दिलं?

'ऑफिसात बेल कर्व्ह असतो,' तो म्हणाला. 'टीममधल्या ठरावीक लोकांनाच टॉप रेटिंग. त्याला मिळालं की माझं गेलं. तिथे ते खरंच आहे. पण मी देवालाही एचआर समजत होतो. जणू माझ्या वाट्याचं काढून त्याने नागपूरच्या पोराला दिलं. देवाकडे बेल कर्व्ह नसतो. त्याला दिल्याने माझ्यासाठी काही कमी पडत नाही, यावर विश्वास बसला आणि मग फाइल पाठवता आली.'

ख्रिस्ती विचाराचा हा गाभाच म्हणायला हवा. ही मंडळी एक शब्द सारखा वापरतात, 'कृपा'. कमावता येत नाही ती कृपा. संत पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात साधारण असं विचारतो, की तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला दिलं गेलेलं नाही? मग कमावल्याचा तोरा कशाला?

जरा हिशोब करून बघा. मेहनत तुमची, मान्य. पण मेहनत करू शकणारं शरीर? 'अभ्यास कर' म्हणून मागे लागणारी आई? फी भरू शकणारे बाबा? पहिल्या नोकरीत चुका पोटात घालणारा सिनिअर? यांचं बिल तुम्ही कधी भरलंत? मित्रालाही मग आठवलं, की त्याची पहिली नोकरी गावातल्याच एका ओळखीच्या माणसाने शब्द टाकल्यामुळे लागली होती. 'म्हणजे मीही एकदा पाचवालाच होतो की!' तो हसत म्हणाला. 'तेव्हा मला अन्याय वगैरे काही दिसला नव्हता.'

येशूचे शिष्य तरी यातून सुटले होते का? छे! या गोष्टीच्या जरा आधी पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? आणि गोष्ट संपून थोडं पुढे गेलं, की याकोब आणि योहान या दोघांची आई येते. तुमच्या राज्यात माझ्या एका मुलाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसवा, अशी तिची मागणी! हे ऐकून बाकीचे दहा जण भडकतात. प्रमोशनचं पॉलिटिक्स काही आपल्या कंपनीने शोधून काढलेलं नाही.

लूकच्या शुभवर्तमानातला मोठा भाऊ तर याहून ओळखीचा. धाकटा भाऊ वाटणी घेऊन जातो, पैसे उधळतो, फाटका होऊन परत येतो आणि बाप मेजवानी घालतो. मोठा बाहेरच उभा. इतकी वर्षं घरासाठी राबलो, मला मित्रांबरोबर मजा करायला साधं करडूही दिलं नाहीत, ही त्याची तक्रार. बाप सांगतो, बाळा, माझं जे आहे ते तुझंच आहे. हे त्याच्या लक्षातच आलेलं नव्हतं! मालकाचा मुलगा असून तो इतकी वर्षं नोकरासारखा तास मोजत बसला होता.

मग अन्याय गिळायचा?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर छान. कारण ही गोष्ट चुकीच्या हातात पडली तर डेंजर आहे. उद्या एखादा मॅनेजर म्हणेल, 'बायबलमध्येच लिहिलंय, जे मिळतंय त्यात खूश राहा!'

तसं नाही, हं. गोष्टीतल्या मालकाने पहिल्या मजुरांचा एक पैसाही मारलेला नाही. ठरलेलं पूर्ण दिलं आणि दिवस मावळताच दिलं. त्याच बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात मजुरांचे पैसे बुडवणाऱ्या श्रीमंतांना सणसणीत झापलंय. तिथे म्हटलंय, की रोखून धरलेली ती मजुरीच ओरडतेय आणि तिची हाक देवापर्यंत पोचलीय. तेव्हा सारख्या कामासाठी बाई म्हणून कमी पगार मिळत असेल, ओव्हरटाइम बुडवला जात असेल, आडनाव बघून रेटिंग ठरत असेल, तर बोलायलाच हवं.

मग फरक कसा ओळखायचा? मला सुचलेली एक टेस्ट अशी. तुमची मागणी 'मलाही मिळू दे' अशी आहे, की 'त्याला मिळू नये' अशी? पहिली मागणी घेऊन बिनधास्त मॅनेजरच्या केबिनमध्ये जा. दुसरी घेऊन कुठेच जाता येत नाही. ती आतल्या आत कुजते.

मित्रानेही तेच केलं. फाइल पाठवल्यावर पुढच्याच आठवड्यात तो मॅनेजरला भेटला, ऑनसाइटसाठी आपल्यात काय कमी पडलं ते सरळ विचारलं. उत्तर मिळालं, क्लायंट वापरतो ते नवं टूल तुला येत नाही. 'मत्सरात होतो तोवर हे विचारायचं सुचलंच नाही,' तो म्हणाला. 'कारण उत्तर ऐकायचंच नव्हतं.'

त्या गोष्टीतून 'सर्वोदय'पर्यंत

तुम्ही म्हणाल, हा चर्चमधल्या लोकांचा मामला, आपल्याला काय? तर ऐका. या गोष्टीचा एक धागा आपल्या घरापर्यंत आलेला आहे. जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने १८६० मध्ये अर्थव्यवहारावर काही लेख लिहिले, त्यांचं १८६२ मध्ये पुस्तक झालं, 'अन्टू धिस लास्ट'. म्हणजे, 'या शेवटच्यालाही'. शेवटी आलेल्या मजुराबद्दलचे मालकाचेच शब्द! १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गहून दर्बानला निघालेल्या एका भारतीय बॅरिस्टरच्या हातात त्याच्या मित्राने, हेन्री पोलॉकने, हे पुस्तक दिलं. ट्रेनच्या त्या प्रवासात बॅरिस्टर रात्रभर झोपला नाही. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचं मोल सारखंच, हे त्याला त्यात सापडलं. त्याच वर्षी त्याने फिनिक्स आश्रमाची वसाहत उभी केली. तिथे सगळ्यांनी अंगमेहनत करायची आणि सगळ्यांना सारखाच खर्च. ते बॅरिस्टर अर्थात गांधीजी. १९०८ मध्ये त्यांनी या पुस्तकाचा सार गुजरातीत दिला आणि त्याला नाव दिलं, 'सर्वोदय'. पुढे रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याच्या विनोबांनी हाच शब्द घेऊन भूदानासाठी देश पायी पालथा घातला. शाळेच्या पुस्तकात वाचलेल्या त्या शब्दाच्या मुळाशी पाच वाजताचा मजूर आहे!

मराठीत तर देवाच्या औदार्यावर विसंबून जगून दाखवणारा एक मोठा माणूस होऊन गेला. रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. फिक्स्ड इन्कम बंद! अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. नुसतं हौतात्म्य नाही, भरपूर हसूही आहे त्यात. नसेल वाचलं तर या वीकेंडला मागवाच.

करून बघा...

श्रद्धा बाजारात मिळत नाही, आणि ती ठेवा असं सांगणारी मी कोण? आमच्या घरी संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लागतो. पण ज्यांनी शतकानुशतकं या डोळ्याच्या आजारावर काम केलंय, त्यांच्या काही सवयी उचलायला हरकत काय?

दिवसाचा रिव्ह्यू. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोलाने, म्हणजे जेझुइट संघाच्या संस्थापकाने, रोजच्या आत्मपरीक्षणाची एक पद्धत घालून दिली. तिची पहिली पायरी चुका मोजायची नाही, मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार मानायची आहे. चुका नंतर. मित्र हे रोज कंपनीच्या बसमध्ये करतो, हेडफोन काढून. २००३ मध्ये एमन्स आणि मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांनी कृतज्ञतेच्या नोंदी ठेवायला सांगून प्रयोग केला, तेव्हा नोंदी ठेवणाऱ्यांना आपलं आयुष्य जास्त बरं चाललंय असं वाटल्याचं दिसलं. हजार गोष्टी लिहायची गरज नाही. त्यांच्या एका प्रयोगात आठवड्याला पाचच होत्या.

जो खुपतो, त्याच्यासाठी प्रार्थना. हा सगळ्यात अवघड आयटम! मित्र रोज ज्युनिअरचं नाव घेऊन त्याचं भलं मागतो. 'पहिले पंधरा दिवस दात-ओठ खाऊन,' तो म्हणतो. प्रार्थना जमत नसेल तर निदान त्याच्या कामातली एक खरी चांगली गोष्ट त्याला सांगा. शेवटचा 'पण' गाळून.

देऊन बघा. पैसे, वेळ, माहिती, ओळख... जे दाबून धरावंसं वाटतं तेच. दिल्यावर कळतं की आपण संपलो नाही.

आणि समाधान ही शिकायची गोष्ट आहे, हे लक्षात असू द्या. पौलाने फिलिप्पै शहरातल्या लोकांना कैदेतून पत्र लिहिलं, त्यात तो आहे त्या परिस्थितीत समाधानी राहायला आपण शिकलो, असं सांगतो. शिकलो! म्हणजे त्यालाही ते जन्मतः येत नव्हतं.

पुढे काय झालं?

त्या रविवारी रात्री मित्राने फाइल पाठवली. सोबत एक ओळ, 'शोधत नव्हतो रे, दाबून ठेवली होती. सॉरी.' दोन मिनिटांत उत्तर आलं, 'माहीत होतं दादा. आता डेमो भारी करतो.'

माहीत होतं! म्हणजे त्या पोराने तो 'शोधतो' ओळखला होता आणि तरीही पुन्हा 'दादा'च म्हटलं होतं. 'द्राक्षमळ्याचा मालक मला त्या मेसेजमध्ये भेटला,' मित्र म्हणतो. औदार्य नेहमी वरूनच येतं असं नाही. कधी कधी ते ज्युनिअरकडून येतं.

मित्र अजून ऑनसाइट गेलेला नाही. नवं टूल शिकला, पण जागा निघाली नाही. मत्सर गेला का, असं विचारल्यावर म्हणाला, 'गेला कसला! येतो की मधूनमधून. आता फक्त आला की ओळखतो. हात फाइलवरून मागे सरकायला लागला, की समजायचं.'

मत्तयाची गोष्टही अर्धवटच सुटते. मालकाने प्रश्न विचारला, त्यावर पहाटेच्या मजुराने काय केलं ते सांगितलेलंच नाही. दिनार फेकून दिला, काकडी फेकणाऱ्या त्या माकडिणीसारखा? की घरी जाऊन पोटभर जेवला? की वाटेत पाचवाल्याला गाठून म्हणाला, चल, उद्या पहाटे माझ्याबरोबर नाक्यावर ये, दोघं मिळून उभे राहू?

उत्तराची जागा रिकामी सोडलीय. पुढचं अप्रेझल लेटर आलं, आणि कॅन्टीनमध्ये शेजारचा आकडा कानावर पडला, की ती तुम्हीच भरायची!